मांडवीकाठचा नवा ‘इंग्लिश पब’, एका तारवट्याच्या नजरेतून

आधीच सांगून टाकतो, पबचं नाव लिहिणार नाही. जागेचे मालक माझ्या मेव्हण्याच्या ओळखीतले, आणि आमचा डिचोली तालुका एवढासा की सकाळी लिहिलेलं संध्याकाळी बाजारात तोंडावर ऐकायला मिळतं. मांडवीच्या काठी, बंद पडलेल्या खनिजाच्या जेटीला लागून एक जुनं गोदाम होतं, तिथं डिसेंबरात ‘ओल्ड इंग्लिश रिव्हरसाइड पब’ उघडलाय. एवढ्यावरून ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी नदीकाठचा कुठलाही नवा बार समजून वाचलं तरी चालेल, दुखणं सगळीकडं तेच आहे.

आता मी कोण सांगणारा, तर बावीस वर्षं क्रूझ शिपवर बार स्टिवर्ड. तारवटी (जहाजावर नोकरी करणारा गोंयकार) म्हणलं की लोकांना सासष्टी-बार्देसचे भाऊच आठवतात, डिचोलीचा पोरगा शिपवर बार सांभाळणार म्हणल्यावर आमच्या आजीनं मी बिघडू नये म्हणून देवापुढं नारळ ठेवला होता, तो अर्धाच लागू पडला. जहाज साउदम्प्टनहून सुटायचं. दोन ट्रिपांच्या मधे चार दिवस मिळाले की स्विंडनला मावसभावाकडं जायचो, तिथं आपल्या गोंयकारांची वसाहतच आहे, आणि तिथून लंडन ट्रेननं तासाभरावर. आमच्या जहाजावरचा बार मॅनेजर केंटचा, त्याला जुन्या पबांचं वेड, त्यानं मला थेम्सकाठचे बरेचसे पब पायी फिरवले आणि एकदोन ठिकाणी तर तळघरात पण उतरवलं. म्हणजे लोक वरती बसून बघतात तेवढं मी खालून पण बघितलंय.

परवाच्या शनिवारी भाचा म्हणाला, मामा चला, तुमचं लंडन डिचोलीत आलंय. गेलो.

पहिला धक्का दारावरच. मोठ्ठी लाकडी पाटी, सोनेरी अक्षरं, ‘सिन्स १७२०’. अरे बाबांनो, १७२० साली या भागात सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता, पोर्तुगीजसुद्धा डिचोलीत कायमचे घुसले ते १७८० च्या पुढं, आणि इंग्रजांची पलटण गोव्यात पहिल्यांदा उतरली १७९९ ला, ती पण पोर्तुगिजांची पाहुणी म्हणून. मग १७२० ला इथं एल, म्हणजे इंग्लिश पबातली बिअर, कोण पीत होतं, भोसले? वेटरला विचारलं तर म्हणाला, सर, डिझायनरने डाला है. बरं.

तसं तिकडचे पबवाले पण वयाच्या बाबतीत काही कमी फेकत नाहीत हे मान्य करतो. लंडनमधे थेम्सकाठी वॉपिंगला ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ आहे तो १५२० सांगतो, नॉर्विचला वेन्सम नदीजवळ ‘ॲडम अँड ईव्ह’ आहे तो तर १२४९ सांगतो. इमारती जळल्या, पडल्या, परत बांधल्या, आतलं खूपसं नंतरचं. पण त्यांच्या थापेला खाली जमीन तरी असते, म्हणजे त्या जागेवर कोणीतरी कोणालातरी पाचशे वर्षं दारू विकतंय एवढं खरं असायला जागा आहे. प्रॉस्पेक्टची दगडी फरशी तेवढी जुनीच म्हणतात, बूट घालून चाललं तरी पायाला खळगे लागतात.

नावाचीच गोष्ट बघा. या प्रॉस्पेक्टला लोक पूर्वी ‘डेव्हिल्स टॅव्हर्न’ म्हणायचे, चोर-स्मगलर-खलाशी यांचा अड्डा. मग शेजारी ‘प्रॉस्पेक्ट’ नावाचं कोळशाचं जहाज नांगरून असायचं, व्हिटबी बंदरात नोंदलेलं, लोक खूण म्हणून त्या जहाजाचं नाव सांगायला लागले आणि तेच पबाला चिकटलं. कोळसा वाहणारं जहाज! म्हणजे आपल्याकडं एखाद्या खनिजाच्या बार्जच्या नावावरून तावेर्नाचं, म्हणजे गावातल्या साध्या बारचं, नाव पडावं तसं. या नव्या पबवाल्यांच्या दारात जेटी आहे, पन्नास वर्षं तिथून बार्जी गेल्या, एका तरी बार्जीचं नाव घ्यायचं होतं ना राव. पण मग बोर्डावर कोळश्याचा नाही तर लाल मातीचा वास आला असता, तो चालत नाही.

आत गेलं की डावीकडं फाशीचा दोर टांगलाय. खरंच. खाली पोरंपोरी गळा घालून सेल्फी काढतायत, मागं भिंतीवर लिहिलंय ‘हँग आउट हिअर’. ही आयडिया कुठून उचलली ते मला लगेच कळलं, कारण प्रॉस्पेक्टच्या मागच्या बाजूला नदीच्या चिखलात एक फाशीचा खांब उभा केलेला आहे आणि तिथं पण लोक फोटो काढतात, मी पण काढलाय, खोटं कशाला बोलू. पण तिथं तो का आहे ते बघा. वॉपिंगला ‘एक्झिक्यूशन डॉक’ होता, समुद्रावर गुन्हा केलेल्यांना, चाचे-बिचे, तिथं ओहोटीला नदीच्या पात्रातच फाशी द्यायचे आणि तीन भरत्या प्रेतावरून जाईपर्यंत खाली उतरवायचे नाहीत. नदीचं पात्र म्हणजे नौदलाच्या कोर्टाची हद्द, म्हणून ती जागा. कैद्याला तुरुंगातून मिरवत आणायचे आणि वाटेत एका पबात शेवटची एल पाजायचे. हे १८३० पर्यंत चाललं.

त्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे कॅप्टन किड, २३ मे १७०१. पहिल्यांदा दोर तुटला, बिचारा खाली पडला, परत चढवला. आणि गंमत म्हणजे हा किड आपल्या दारातून जाऊन आलेला माणूस. १६९७ ला तो कारवारला पाण्या-लाकडासाठी आला होता, तेव्हा गोव्याहून सोडलेल्या दोन पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची समुद्रात चकमक झाली, त्यातल्या एकाला त्यानं चांगलंच फोडलं आणि निसटला. पुढं १६९८ ला मलबार किनाऱ्यावर सुरतेला चाललेलं मोठं जहाज लुटलं, मुघलांनी सुरतेच्या इंग्रजांना धरलं, आणि ते प्रकरण शेवटी त्याच्या गळ्याशी आलं. म्हणजे गोव्यातल्या पबात फाशीचा दोर लावायला याच्यापेक्षा झकास कारण मिळणार नाही, फुकटात मिळत होतं! मी मॅनेजरला सांगितलं, भिंतीवर चार ओळी लिहा किडच्या. तो म्हणाला, सर नाइस इन्पुट. नाइस इन्पुट म्हणजे होणार नाही हे मला बावीस वर्षांच्या शिपच्या मीटिंगांतून माहीत आहे.

आता मूळ मुद्दा, दारू.

काउंटरवर बिअर ओढायचे चार हँडपंप उभे. पांढऱ्या चिनी मातीचे दांडे, पितळी कडी, बघून माझं काळीज हललं खरं सांगतो. इंग्लिश पबात हा दांडा म्हणजे देव्हारा. पिंपातली कास्क एल जिवंत असते, तिच्यात यीस्ट अजून काम करत असतं, गॅस वरून मारत नाहीत. तळघरात पिंप आडवं ठेवायचं, भोकातली खुंटी ढिली करून आतला वायू हळूहळू जाऊ द्यायचा, गाळ बसेपर्यंत दिवस-दीड दिवस हात लावायचा नाही, तळघर अकरा ते तेरा डिग्रीवर, आणि एकदा तोटी ठोकली की तीनेक दिवसांत पिंप संपवायचं नाहीतर आंबतं. दांडा ओढला की तळघरातून एल वर येते, दोन-तीन ओढीत एक पाइंट, मनगटाला वजन लागतं. तो केंटवाला म्हणायचा चांगला तळघरवाला वासावरून सांगतो पिंप किती दिवसाचं आहे. १९७० च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी गॅस मारलेली बिअर सगळीकडं घुसवली तेव्हा कास्क एल मरायलाच टेकली होती, मग १९७१ ला चार पिणाऱ्यांनीच ‘कॅमरा’ नावाची चळवळ काढली आणि वाचवली. दारू वाचवायला चळवळ, आणि ती यशस्वी! आपल्याकडं फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला २००९ ला, पण फेणी गाळणारा भाटीवाला बाप्पा अजून तसाच धुरात बसलाय.

तर मी बारवाल्या पोराला म्हणलं, एक दांडा ओढून दे. तो हसला. म्हणाला, सर ये घूमता नहीं है. हात लावून बघितला, स्क्रू मारून फिक्स. बिअर येते खालच्या साध्या टॅपमधून, नेहमीची ड्राफ्ट, थंडगार, दात दुखतील इतकी. मला थंड बिअरचा राग नाही हो, एप्रिलात डिचोलीत बारा डिग्रीची एल कोण पिणार, आणि आपल्या उकाड्यात कास्क दोन दिवसात व्हिनेगर होईल हे मला पण कळतं. पण मग ते दांडे कशाला? तुळशीवृंदावन बांधायचं आणि आत प्लास्टिकची तुळस.

मेनूत ‘इंग्लिश पाइंट’ पाचशे ऐंशी रुपये. आपल्याकडं पाइंट म्हणजे तीनशे तीसची बाटली हे सगळ्यांना माहीत आहे, पण ‘इंग्लिश’ लिहिलंय म्हणजे ५६८ मिली पाहिजे. तिकडं ग्लासावर माप शिक्का मारून असतं, कायदाच आहे, एक बोट कमी भरलं तर म्हातारा ग्लास परत सरकवतो, ‘टॉप इट अप’ म्हणतो आणि तुम्ही मुकाट्यानं भरता. इथं ग्लासाला शिक्का नाही. मग मी काय केलं, भाच्याला लाज वाटली पण केलं, रिकामा ग्लास मागवला, टेबलावरची अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली फोडली आणि ओतली. ग्लास काठोकाठ भरला आणि बाटलीत चार बोटं पाणी उरलं. म्हणजे चारशेच्या आतबाहेर. शेजारच्या टेबलावरचे पुण्याचे लोक बघत होते, त्यांनी पण मग त्यांचा ग्लास मोजला. मॅनेजर आला, सॉरी म्हणाला, ग्लासेस नवीन येतायत म्हणाला. येतील.

आयपीए मात्र चांगली होती, गोव्यातच बनवलेली, कडवट, संत्र्याच्या सालीसारखा वास. वेटरला आयपीए म्हणजे काय विचारलं तर त्यानं पाठ केलेलं सांगितलं, इंडिया पेल एल, इंग्रज सोल्जरसाठी बनवली. अर्धं बरोबर. लंडनच्या पूर्वेला ली नदीकाठी बो नावाची वस्ती, तिथं हॉजसनची ब्रुअरी, आणि जवळच ब्लॅकवॉलला ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची. जहाजाच्या कप्तानांना स्वतःच्या खात्यावर माल न्यायची मुभा असायची, हॉजसन त्यांना उधारीवर बिअर द्यायचा, कप्तान मुंबई-मद्रास-कलकत्त्याला विकून पैसे करायचे. थोडक्यात बिअर चांगली होती म्हणून नव्हे तर ब्रुअरी जहाजाच्या जवळ होती आणि उधार देत होती म्हणून ती इंडियाची झाली. नदीकाठचा धंदा असा असतो, माल, होडी आणि उधारी.

आणि इथंच मला हा पब खुपला.

तो गोदामाच्या मागच्या डेकवर बसवतो, समोर जेटी, पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. जेटीवरचा लोखंडी खुंट, ज्याला बार्जचे दोर बांधायचे, त्याला काळा-सोनेरी रंग मारून वर गोल काच ठेवून टेबल केलाय. दोरांनी घासून त्या खुंटाला कंबर पडलीय, रंगाखालून पण दिसते, मी बोट फिरवून बघितलं, एका बाजूला जास्त, ओहोटीला बार्ज खाली ओढायची त्या बाजूला. टेबलावर कोणाचं तरी मोइतो ठेवलेलं होतं.

इंग्लंडातले जुने नदीकाठचे पब हे व्ह्यूसाठी उघडलेले नव्हते. थेम्सवर लंडनच्या गावात अठराव्या शतकापर्यंत एकच पूल, लंडन ब्रिज. वेस्टमिन्स्टरचा पूल झाला १७५० ला. तोवर सगळी ये-जा होड्यांनी, आणि होड्या लागायच्या पायऱ्यांना. जिथं पायऱ्या तिथं पब, कारण होडीवाला तिथं गिऱ्हाइकाची वाट बघत बसणार आणि गिऱ्हाईक होडीची. ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ नावाचा पब वॉपिंगच्या जुन्या पायऱ्यांना चिकटून आहे, पबापेक्षा बोळ बरा एवढा अरुंद, रॅम्सगेटचे मासेवाले तिथं माल उतरवायचे म्हणून ते नाव. १६८८ ला राजा पळाल्यावर जज जेफ्रीज, ज्यानं शेकडो लोकांना फासावर दिलं होतं, खलाश्याचे कपडे घालून वॉपिंगहून पळायच्या बेतात होता, तिथंच लोकांनी ओळखून धरला. आपल्याकडं १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी कॉलेजात होतो, पणजी-बेती फेरीला अशी झुंबड की एकेक तास उभं राहायला लागायचं, आणि बेतीच्या बाजूचे बारवाले त्या दिवसांत जेवढे हसत होते तेवढे नंतर कधी हसलेले बघितले नाहीत. पूल नसला की बार चालतो, हा जुना नियम आहे.

पण त्याची काळी बाजू पण आहे, ती कोणी मेनूवर छापत नाही. लंडनला कोळशाची जहाजं यायची, कोळसा टोपलीनं उपसणारे मजूर, त्यांना कोल-व्हिपर म्हणायचे. त्यांना काम कोण द्यायचं, तर नदीकाठचा पबवाला. गँग तोच ठरवणार, मजुरी पण त्याच्या काउंटरवरच मिळणार, आणि जो जास्त पितो त्याला उद्या आधी काम. न पिणाऱ्याची बायकापोरं उपाशी आणि पिणाऱ्याची पण उपाशी. एवढं झालं की शेवटी १८४३ ला पार्लमेंटनं कायदा करून भरतीचं वेगळं ऑफिस काढलं आणि मजूर पबवाल्याच्या तावडीतून सोडवले.

हे मला त्या केंटवाल्यानं एका पबात सांगितलं तेव्हा मला आमच्याच जेटीवरचा तावेर्न आठवला. याच जेटीपासून शंभर पावलांवर होता, पत्र्याचा, आत तीन बाकं, पात्रांव, म्हणजे मालक, काउंटरच्या मागं, भिंतीवर खडूनं उधारी, नावं नाहीत, बार्जीची चित्रं आणि रेघा. माझे वडील बार्जवर होते, इंजिनाकडं. पगाराच्या दिवशी आई मला तिथं पाठवायची, दारात नुसता उभा राहा म्हणायची, काही बोलू नकोस. मी उभा राहायचो. बाबा बघायचे, ग्लास संपवायचे आणि उठायचे. पात्रांव मला सोडा द्यायचा, फुकट. तो माणूस वाईट नव्हता, पण रेघा पुसायचा नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, बार्जी उभ्या राहिल्या, २०१५ ला थोडं हललं, मार्च २०१८ ला परत ठप्प. तावेर्न त्याच्याही आधी गेला, पत्रा कोणीतरी नेला. वॉपिंगचं पण हेच झालं होतं. कंटेनर आले, मोठी जहाजं खाली टिलबरीकडं थांबायला लागली, सेंट कॅथरिन डॉक १९६८ ला बंद, वॉपिंगचा लंडन डॉक १९६९ ला, रॉयल डॉक्स १९८१ ला. गोदी कामगार गेले, त्यांचे कोपऱ्या-कोपऱ्यावरचे पब गेले, राहिले ते गोष्ट सांगता येण्यासारखे. ‘मेफ्लॉवर’ राहिला कारण १६२० ला अमेरिकेला गेलेलं ते जहाज तिथून, रॉदरहाइथहून निघालं होतं, तर अमेरिकन लोक येतात, तिथं बारमध्ये अमेरिकेचे स्टॅम्प मिळतात पोस्टाचे, खरंच. बँकसाइडचा ‘अँकर’ राहिला कारण १६६६ ची लंडनची आग सॅम्युएल पीप्स नावाच्या तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानं बँकसाइडच्या एका लहान एलहाउसातून बघितली असं त्याच्या डायरीत आहे आणि हे लोक म्हणतात ते आमचंच. गोदामांचे फ्लॅट झाले, करोडोचे. म्हणजे आमच्या पबवाल्यांनी नक्कल केलीय ती बरोबरच केलीय एका अर्थी, फक्त त्यांनी १७२० ची करायला घेतली आणि झाली १९८० ची.

असो. खाण्याचं पटकन सांगतो. फिश अँड चिप्स सहाशे पन्नास, मासा बासा. समोर मांडवी, पलीकडं खाजनाच्या (खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, शेवटे आणि चणाक हे मासे जाळ्यात येतायत आणि ताटात व्हिएतनामचा बासा, यावर मी काय बोलू. चिप्स उत्तम होत्या, दोनदा तळलेल्या, बाहेरून कडक. ग्रीनिचला थेम्सकाठी ‘ट्रॅफल्गर टॅव्हर्न’ आहे १८३७ चा, तिथं एकोणिसाव्या शतकात मंत्रिमंडळातले लोक होडीत बसून व्हाइटबेट खायला यायचे, व्हाइटबेट म्हणजे काय, तर बोटाएवढे मासे पिठात घोळवून अख्खेच्या अख्खे तळलेले. आमचे पेडवे! रव्यात घोळवून दिले असते तर दीडशे रुपयांत प्लेट सुटली असती आणि इंग्लिश पण झालं असतं. शेपर्ड्स पाय (खिम्यावर बटाट्याचा थर) गोड होता, का होता माहीत नाही. संडास स्वच्छ, हे मोठं प्लस. म्युझिक फार मोठं, जुन्या पबात म्युझिक नसतंच बहुतेक, लोकांचा आवाजच पुरतो.

अजून एक, मेनूच्या मागच्या पानावर ‘हिस्टरी’ छापलीय, त्यात लिहिलंय की काचेच्या बुडाचे मग यासाठी आले की नौदलवाले दारूत शिलिंग टाकून माणसाला फसवून भरती करायचे. ही गोष्ट तिकडं प्रत्येक पबात ऐकवतात आणि ती थापच आहे, प्रेस गँगला, म्हणजे नौदलासाठी जबरदस्तीनं माणसं धरणाऱ्या टोळीला, नाणं टाकायची गरजच नव्हती, ते सरळ दंडुका घेऊन यायचे आणि उचलून न्यायचे. त्यापेक्षा हे छापा की पहिल्या महायुद्धात सरकारनं पबांचे तास कापले, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून, त्यात दुपारी पण बंद ठेवायला लावलं, आणि ती दुपारची बंदी उठली थेट १९८८ ला! सत्तर वर्षं अख्खं इंग्लंड दुपारी कोरडं. आपण कसलाही कायदा नसताना एक ते चार शटर ओढून झोपतो.

पाण्याबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे कारण रात्री तेच घडलं. मॅनेजरला मी आल्या आल्या विचारलेलं, खालच्या डेकवर कार्पेट का घातलंय, पावसात काय करणार? म्हणाला, सर वॉटर डझन्ट कम हिअर. यॉर्कला ऊस नदीच्या धक्क्यावर ‘किंग्ज आर्म्स’ पब आहे, नदी वर्षातून कितीतरी वेळा आत शिरते, म्हणून त्यांचं तळघर तळात नाहीच, बिअर वर ठेवतात, आत सगळं दगड आणि वीट, सामान उचलायचं, नदी येऊ द्यायची, गेली की धुऊन काढायचं आणि दार उघडायचं. दाराजवळ पुरांच्या खुणा, सालं लिहिलेली, २००० सालची माझ्या डोक्याच्या वर होती, त्या नोव्हेंबरात नदी नेहमीपेक्षा ५.४ मीटर चढली होती. मँचेस्टरजवळ सॅलफर्डला अर्वेल नदीकाठी मार्क ॲडी म्हणून एक माणूस होऊन गेला, स्वतः नदीकाठी पब चालवायचा, त्यानं बुडणाऱ्या पन्नासच्या वर लोकांना त्या घाण पाण्यातून बाहेर काढलं, अल्बर्ट मेडल मिळालं त्याला, आणि १८९० ला गेला तो त्याच पाण्यानं लागलेल्या दुखण्यात असं सांगतात. नदीकाठी पब टाकणारा माणूस नदीला ओळखणारा असायचा, पोहता तरी यायचं.

तर परवा पुनव होती. साडेदहाच्या सुमारास भरती चढायला लागली. मी बघत होतो, आधी पायऱ्यांवरची शेवाळाची रेघ गेली, मग वरची पायरी, मग फळ्यांच्या फटीतून बुळुक बुळुक. कार्पेटचा रंग बदलला. कोपऱ्यातल्या एका बाईंची चप्पल हळूच निघून टेबलाखालून दुसऱ्या टेबलाकडं गेली. एकदम ओरडा, पोरं धावली, कोणी कार्पेट ओढतंय, कोणी स्पीकरची वायर उचलतंय, म्युझिक बंद पडलं. घोट्याएवढं पाणी, जास्त नाही. वरती पळालेले लोक हसायला लागले, पुण्याच्या एकानं खुर्चीवर पाय घेऊन ग्लास उंच धरला, त्या बासाच्या ताटावरून दोन झिंगे पण उड्या मारून गेले असं भाचा म्हणतो, मी बघितलं नाही. त्या अर्ध्या तासात सगळी टेबलं एकमेकांशी बोलायला लागली. रिचमंडला ‘व्हाइट क्रॉस’ म्हणून पब आहे तिथं मोठ्या भरतीला रस्ताच पाण्याखाली जातो, लोक आत अडकतात आणि सुटका होईपर्यंत पितात, वरच्या बाजूला भरतीच्या वेळचं वेगळं दार केलंय. मी मॅनेजरला तेच सांगितलं, कार्पेट काढा, दुसरं दार करा, आणि बोर्डावर १७२० च्या जागी भरतीची वेळ लिहा. तो पँट दुमडून उभा होता, या वेळी त्यानं नाइस इन्पुट म्हणलं नाही, विचारलं, परत कधी येणार पाणी? म्हणलं अवसेला.

बिल दोघांचं तीन हजार चारशे, सर्व्हिस चार्ज धरून. त्या गडबडीत चिप्सची एक प्लेट जास्त लावली होती ती सांगितल्यावर कमी केली. वेटर नेपाळचा पोरगा होता, भिजलेल्या बुटांनी शेवटपर्यंत नीट सर्व्ह करत होता, टीप त्याच्या हातातच द्या. पाचापैकी अडीच स्टार, आयपीए आणि चिप्सचे. जायचं तर सूर्यास्ताच्या आधी जा, पार्किंग रस्त्यावरच आहे, डास मरणाचे. आणि पुनव-अवसेच्या आसपास जाणार असाल तर खालच्या डेकवरच बसा, चपला मात्र मांडीवर घेऊन.